वेढा बाहेरून वाचा: बंदुकांच्या काळातलं तटबंदीचं शहर कसं पडायचं, हे जागेवर समजून घेण्याची पद्धत

किल्ला पाहायला गेलं की आपण दरवाजातून आत शिरतो, बुरुजावर चढतो आणि बाहेर बघतो. म्हणजे नकळत किल्लेदाराच्या जागी जाऊन उभे राहतो. तिथून हल्ला कळत नाही. हल्ला कळायचा असेल तर आधी तटाकडे तोंड करून बाहेर, उघड्यावर उभं राहावं लागतं.

खाली जी पद्धत देतोय ती बंदुका आणि तोफांच्या काळातल्या, म्हणजे साधारण सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंतच्या, कुठल्याही तटबंदीच्या शहराला लागू पडते. पण शिकायला वसईसारखी जागा नाही. एक तर ते नुसतं ठाणं नव्हतं, तटाच्या आत वसलेलं अख्खं शहर होतं. दुसरं म्हणजे हाच तट ४१ वर्षांत दोनदा पडला आणि दोन अगदी वेगळ्या रीतींनी पडला. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी तो पोर्तुगीजांकडून घेतला, सुरुंग लावून आणि एल्गार करून. १७८० मध्ये इंग्रजांच्या जनरल गॉडर्डने तो मराठ्यांकडून घेतला, जड तोफांनी, एल्गाराची वेळ येऊ न देता. दोन्ही वेढे शेजारी ठेवून वाचले की बाकीचं जग समजायला सोपं जातं.

निघण्यापूर्वी

दिवाळीनंतर जा. पावसाळ्यात आणि त्यानंतर काही आठवडे झाडोऱ्यात तट दिसत नाही, आणि या पद्धतीत तटाचा पाया दिसणं महत्त्वाचं आहे. सोबत जागेचा उपग्रह नकाशा छापून घ्या (फोनवर बघण्यापेक्षा कागदावर रेघा मारता येतात), एक पेन्सिल, मोजपट्टी आणि सेकंद दाखवणारं घड्याळ. घरीच शंभर मीटर मोजून आपली किती पावलं होतात ते बघून ठेवा. हे संरक्षित स्मारक आहे. तटावर जिथे वाट नाही तिथे चढू नका, दगड हलवू नका.

पायरी १: शंभर मीटर चाला

जमिनीकडच्या, म्हणजे उत्तरेच्या बाजूला जा. बाकीच्या बाजूंना समुद्र, खाडी आणि दलदल. फौज मोठ्या संख्येने यायची तर इथूनच येणार. तटाला पाठ करून शंभर मीटर चाला आणि मग वळून बघा.

हे अंतर लक्षात ठेवा, सगळा हिशेब त्यावर आहे. त्या काळच्या गुळगुळीत नळीच्या ठासणीच्या बंदुकीचा नेम शंभर मीटरच्या पुढे भरवशाचा राहत नसे. गोळी लांब जाई, पण नेमकी कुठे जाईल हे सांगता येत नसे. आता बंदूक भरणाऱ्या एका माणसाचा विचार करा. तोड्याची बंदूक आहे. दस्ता जमिनीवर टेकवायचा, नळीत दारू ओतायची, गोळी सोडायची, गजाने ठासायची, गज काढून परत जागेवर ठेवायचा. मग बंदूक आडवी धरून कानाशी (नळीच्या मागच्या बारीक छिद्राशी) रंजक, म्हणजे पेटवायची बारीक दारू, घालायचं, जळता तोडा (हळू जळणारी वात) फुंकून निखारा लाल करायचा, नेम धरायचा. हात कितीही सराईत असला तरी यात अर्धं मिनिट सहज जातं. चकमकीची (गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी) बंदूक आल्यावर हा वेळ कमी झाला. कवायती शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढू लागला.

घड्याळ लावा आणि शंभर मीटर अंतर तटाकडे भराभर चालत या, खांद्यावर शिडी आहे असं समजून. मिनिटभर लागेल. म्हणजे समोरचा एक माणूस तुमच्यावर जेमतेम दोन-तीन बार काढू शकतो. मग सरळ तटावर धावून गेलं तर काय बिघडलं?

पायरी २: तट तुमच्या बगलेतून कसा मारतो ते शोधा

तटाच्या पायथ्याशी या आणि समोर न बघता डावीकडे आणि उजवीकडे बघा. वसईचे बुरूज डोंगरी किल्ल्यांवरच्या गोल बुरुजांसारखे नाहीत, ते बाणाच्या टोकासारखे कोनदार बाहेर आलेले आहेत. नकाशावर पेन्सिलीने एका बुरुजाच्या बाजूपासून शेजारच्या बुरुजाच्या टोकापर्यंत सरळ रेघ मारा. मग उलट बाजूने मारा. मधल्या तटाखाली अशी एकही जागा उरत नाही जिथे कुठल्या ना कुठल्या बुरुजावरून गोळी पोचत नाही.

गोल बुरुजाच्या पुढ्यात एक आंधळा तुकडा राहतो, तिथे शत्रू चिकटून बसला तर शेजारून दिसत नाही. तोफा आल्यावर इटलीत आधी हा दोष लक्षात आला आणि कोनदार बुरूज निघाले. पोर्तुगीजांनी तीच विद्या इकडे आणली. तटाला भिडलेला माणूस समोरच्या बंदुकीने कमी मरतो, शेजारच्या बुरुजावरून बगलेत घुसणाऱ्या छऱ्यांनी जास्त मरतो. जंग्या (तटातली बंदूक मारायची भोकं) शाबूत असतील तिथे हात घालून बघा (आतून): आत रुंद, बाहेर अरुंद आणि खाली उतरत्या. काहींचं तोंड सरळ समोर नसून तिरपं शेजारच्या तटाकडे असतं. ती तिरपी जंगी सापडली की गडी खरा वाचायला लागला असं मी समजतो.

मराठ्यांनी १७३७ मध्ये शिड्या लावून वसईचा तट चढायचा प्रयत्न केला होता. तो फसला. का फसला हे इथे उभं राहिल्यावर वेगळं सांगावं लागत नाही.

पायरी ३: आता नकाशा मोठा करा

तटापासून दूर जा, अगदी ६० किलोमीटरपर्यंत. शहर पडण्याची सुरुवात तटापाशी होत नाही, रसदेच्या वाटांवर होते. नकाशावर ठाणे, धारावी (भाईंदरजवळची, मुंबईतली नव्हे), वेसावे, अर्नाळा, केळवे-माहीम, तारापूर या जागांवर खुणा करा. मग वर्षं लिहा. ठाणे आणि अर्नाळा १७३७ मध्ये मराठ्यांकडे आले. १७३९ च्या जानेवारीत उत्तरेकडची माहीम, तारापूरसारखी ठाणी पडली. तारापूरला मराठ्यांचा सरदार बाजी भिवराव रेठरेकर कामी आला. त्यानंतर धारावी आणि वेसावे. त्याच सुमारास मराठा सरदार व्यंकटराव घोरपड्यांची फौज खुद्द गोव्यावर चालून गेली, म्हणजे गोव्याहून वसईला कुमक पाठवायची तर आधी गोवा उघडा टाकावा लागणार.

या खुणा जोडल्या की वसईभोवती एक मोठं कडं तयार होतं. फेब्रुवारी १७३९ मध्ये खुद्द वसईला वेढा पडला तेव्हा शहर अर्धं एकटं पडलेलं होतं. उरली होती ती समुद्राची वाट. मुंबईच्या इंग्रजांकडून दारूगोळा तिथूनच येत होता.

कुठलाही वेढा अभ्यासताना हा प्रश्न आधी विचारा: शहराचं कोणतं दार उघडं राहिलं होतं? वेढा किती दिवस चालणार हे बहुतेक वेळा त्या एका दारावर ठरतं.

पायरी ४: दिवस मोजा

वेढा घालणाऱ्याचं घड्याळही चालू असतं. कोकणात ते घड्याळ म्हणजे मृग नक्षत्र. जूनमध्ये पाऊस लागला की समुद्रसपाटीच्या त्या जमिनीत खणलेले चर पाण्याने भरणार, दारू सर्दावणार, फौजेत रोगराई पसरणार. शिवाय १७३९ च्या मार्चमध्ये नादिरशहा दिल्लीत शिरला होता आणि बाजीरावांना कोकणात अडकलेली फौज मोकळी हवी होती. म्हणून मे महिन्यातला तो निकराचा हल्ला. तो उतावीळपणा नव्हता, दुसरा पर्यायच शिल्लक नव्हता.

टिपू सुलतानाच्या राजधानीला, श्रीरंगपट्टणला, हाच हिशेब नदीचा होता. कावेरीला पावसाचं पाणी येण्याआधी पात्र ओलांडायचं होतं, म्हणून इंग्रजांनी ४ मे १७९९ रोजी हल्ला केला.

पायरी ५: माती शोधा

वेढ्याचं वर्णन वाचताना आपण तोफा आणि तलवारी शोधतो. मला विचाराल तर आधी कुदळ आणि फावडं शोधा. शंभर मीटरची ती उघडी जमीन धावून ओलांडणं महाग पडतं, तर मग ती जमिनीखालून ओलांडायची. हेच मोर्चे.

चर सरळ तटाकडे खणला तर तटावरचा गोलंदाज त्यात एक गोळा असा सोडेल की तो चराच्या लांबीभर उसळत जाईल आणि वाटेत येईल त्याला घेऊन जाईल. म्हणून चर नागमोडी काढायचा. प्रत्येक वळणाचं तोंड तटाच्या बाहेर कुठेतरी मोकळ्या रानाकडे असलं पाहिजे. खणलेली माती तटाच्या बाजूला टाकायची, विणलेल्या टोपल्यांत माती भरून त्या पुढे ढकलायच्या आणि त्यांच्या आडोशाने पुढचं हातभर खणायचं. काम रात्रीचं. फ्रान्सचा लष्करी इंजिनिअर व्होबां याने १६७३ मध्ये मास्ट्रिख्टच्या वेढ्यात याला शिस्त लावली: नागमोडी चरांना जोडणारे, तटाला समांतर असे लांब चर खणायचे, म्हणजे आतून लोक धावून आले तर त्यांना अडवायला प्रत्येक टप्प्यावर शिपाई बसलेले असतील. पुढची दीडशे वर्षं युरोपातले वेढे साधारण त्याच धर्तीवर चालले.

वसईच्या उत्तरेला उभे राहून नकाशावर असा चर स्वतः काढून बघा. बुरुजांची टोकं ठरवा, प्रत्येक वळणावर पट्टी ठेवून तपासा की रेघ कुठल्या बुरुजाला लागत तर नाही ना. पहिल्यांदा चुकतं. माझे पहिले तीनही आराखडे एका बुरुजाच्या तोंडी येत होते, आणि कागदावरच्या त्या तीन चुका म्हणजे प्रत्यक्षात किती बेलदार (माती खणणारे मजूर) असते, हे मनात आल्यावर मी बराच वेळ पट्टी बाजूला ठेवून बसलो होतो. ही माणसं हातात हत्यार नसताना शत्रूच्या सगळ्यात जवळ असायची. पोवाड्यांत त्यांची नावं फारशी येत नाहीत. वेढा वाचणाऱ्याने तरी ती माणसं गाळू नयेत.

पायरी ६: खिंडार कसं पाडलं ते ठरवा

इथे जरा थांबा, कारण दोन्ही वेढ्यांतला फरक याच पायरीवर आहे.

*तोफेने.* १७८० च्या नोव्हेंबरात गॉडर्ड वसईपुढे आला. त्याने तोफांचा पहिला मोर्चा सुमारे ९०० यार्डांवर बांधला, त्याच्या माऱ्याच्या आडोशाने चर पुढे नेले आणि ५०० यार्डांवर २४ पौंडी गोळ्याच्या ९ तोफांचा दुसरा मोर्चा उभा केला. शिवाय उखळी तोफा, गोळा उंच उडवून तटापलीकडे टाकणाऱ्या. हा जवळचा मोर्चा ९ डिसेंबरला सुरू झाला आणि ११ तारखेला किल्ला स्वाधीन झाला. खिंडार जवळपास तयार झालं होतं. ते चढून जाण्याची वेळ आली नाही.

तट फोडणाऱ्या तोफांचा मारा उंच, तटाच्या माथ्यावर करत नाहीत. माथा फुटला तर वरचे दगड खाली पडतात आणि तट उभाच राहतो. शहाणा गोलंदाज खालच्या बाजूला, एकाच आडव्या रेषेत गोळे मारत राहतो, जणू करवतीने तट कापतोय. मग दोन टोकांना उभ्या रेषा. कापलेला तुकडा स्वतःच्या वजनाने पुढे कोसळतो, आणि त्याच्याच दगडमातीचा उतार खंदकात तयार होतो. हा उतार हवा. हातात हत्यार धरलेला माणूस हात न टेकता चढू शकला तर खिंडार चढण्याजोगं झालं, अशी त्या काळची कसोटी होती.

दगडी तट असा तुटतो. मातीचा तुटत नाही. राजस्थानातल्या भरतपूरच्या जाड मातीच्या तटात गोळे रुतून बसायचे. इंग्रज सेनापती लॉर्ड लेकने १८०५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत तिथे चार हल्ले केले आणि चारही फसले. एका हल्ल्यात तर खंदकावर टाकायला नेलेला पूलच आखूड पडला. म्हणून तटाला हात लावून तो आतून कशाचा आहे हे बघणं हीही याच पायरीतली गोष्ट. वसईत जिथे दगडी कातडं निघालं आहे तिथे आतली भर दिसते, ती जरूर बघा.

*सुरुंगाने.* १७३९ मध्ये मराठ्यांनी तटाखाली सुरुंग नेले. रेमेदिओस आणि सेबॅस्टियन या उत्तरेकडच्या बुरुजांची नावं त्या हल्ल्यात पुन्हा पुन्हा येतात.

सुरुंगाचं काम डोळ्यांपुढे आणा. चराच्या पुढच्या टोकातून जमिनीत एक बीळ शिरतं, एक माणूस गुडघ्यांवर खणू शकेल एवढंच. तो खणतो, मागचा माती टोपलीत भरून सरकवतो. वर लाकडी टेकू. हवा कोंदट, दिवा मिणमिणता. समुद्रकाठी थोडं खोल गेलं की पाणी लागतं. आतले लोक कान देऊन बसलेले असतात; जमिनीवर पाण्याचं भांडं ठेवून त्यात तरंग उठतात का बघायचे, किंवा नगाऱ्यावर दाणे ठेवून ते थरथरतात का बघायचे. कळलं तर ते उलट बाजूने बीळ खणून येणार. बुरुजाच्या पायाखाली पोचल्यावर दारूची कोठी करायची, दारू भरायची, तिथून बत्ती बाहेर आणायची, आणि मग आलेली वाट माती-दगडांनी घट्ट ठासून बंद करायची. ही ठासणी कच्ची राहिली तर स्फोट बुरूज न उचलता बिळातूनच मागे येतो.

एकापेक्षा जास्त सुरुंग असले तर खरी परीक्षा वेळेची. वसईला नेमका तिथेच घात झाला. सुरुंग उडाला, बुरुजाला खिंडार पडलं, मराठे भरभरून खिंडारात शिरले, आणि खाली न उडता राहिलेला सुरुंग त्या गर्दीखाली उडाला. शेकडो माणसं आपल्याच दारूने गेली. उरलेल्यांवर आतून हातबाँबचा वर्षाव झाला आणि ते मागे हटले.

ही हकिगत वाचून पुढे सरकू नका. पायरी १ मधल्या जागेवर परत जा, बुरुजाकडे बघा आणि पुढची गोष्ट मनात धरा: मराठे त्यानंतर पुन्हा चढले.

पायरी ७: एल्गाराची जागा आणि घटका

खिंडार म्हणजे दार नव्हे. आतल्यांना ते कुठे पडतंय हे दिवसभर दिसत असतं. ते रात्रीत मागे दुसरा आडोसा उभारतात, उतारावर खिळे ठोकलेल्या फळ्या आणि दारूचे गोळे पेरतात, दोन्ही बगलांवर तोफा भरून ठेवतात. फ्रेंचांच्या ताब्यात असलेल्या, स्पेनमधल्या बादाहोसला ६ एप्रिल १८१२ च्या रात्री इंग्रज खिंडारांवर पुन्हा पुन्हा चढले आणि पुन्हा पुन्हा कोसळले. शहर पडलं ते भलतीकडेच, जिथे शिड्या लावायला पाठवलेल्या तुकड्या गढीच्या आणि एका दूरच्या बुरुजाच्या उंच तटावरून आत उतरल्या, कारण आतली बरीच माणसं खिंडारांकडे ओढली गेली होती. म्हणून कुठल्याही हल्ल्याच्या नकाशावर मुख्य खिंडारासोबत बाकीच्या जागाही तपासा. शिडी एकट्याने फसते. खिंडाराच्या जोडीने ती कामाला येते.

घटकाही बघा. रात्र निवडली तर नेम चुकतो, पण आपलीच माणसंही वाट चुकतात. पहाट नेहमीची, म्हणून आतले जागे असतात. श्रीरंगपट्टणला भर दुपार निवडली, जेवणाच्या आणि विसाव्याच्या वेळी. खिंडारावर निशाण काही मिनिटांत लागलं. टिपू सुलतान त्याच दिवशी लढताना पडला.

पायरी ८: कौल की लूट

वेढ्यांच्या युद्धात एक अलिखित नियम होता. खिंडार पडल्यावर, एल्गाराआधी स्वाधीन झालात तर मानाने बाहेर जाता येई. एल्गार व्हायला लावलात तर आत शिरलेल्या फौजेला आवरायला कुणी बांधील नसे. बादाहोसला त्या रात्रीनंतर शहराच्या रहिवाशांवर जे अत्याचार झाले ते याच नियमाच्या आडोशाने, आणि तिथले लोक तर हल्लेखोरांचे मित्र म्हणवले जात होते.

वसईला दुसरा मार्ग निघाला. मराठ्यांचा बुरुजावर पाय रुजल्यावर पोर्तुगीजांनी कौल (शरण येताना मिळणारं अभयाचं वचन) मागितला आणि चिमाजी आप्पांनी तो दिला. बायकामुलं, चीजवस्तू घेऊन, शस्त्रांसह मानाने बाहेर पडायला आठ दिवसांची मुदत. वेढ्याच्या सुरुवातीपासून मराठ्यांची ५,००० हून जास्त माणसं मेली वा जायबंदी झाली असं सांगतात, आतली ८००. एवढं सोसलेल्या फौजेला तटाच्या तोंडाशी रोखून धरणं ही माझ्या मते त्या मोहिमेतली सगळ्यात अवघड गोष्ट होती. सुरुंग खणण्यापेक्षाही.

पायरी ९: तारखा जुळवा

हे घरी बसून करायचं काम. वसईच्या तहाची तारीख कुठे ५ मे दिसेल, कुठे १६ मे. दोन्ही बरोबर आहेत. इंग्रज १७५२ पर्यंत जुनं पंचांग वापरत होते, पोर्तुगीज १५८२ पासून नवं. अठराव्या शतकात दोन्हींत ११ दिवसांचा फरक. मराठी पत्रांत तिथी असते. आधी एक पंचांग ठरवा, सगळ्या तारखा त्यात आणा आणि मगच दिवसवार तक्ता करा, नाहीतर स्फोटाआधीच तह झालेला दिसेल.

तक्ता झाला की पुन्हा एकदा वसईला जा. या वेळी उत्तरेच्या बुरुजापासून सुरुवात करून शहरातून चालत, पडक्या चर्चच्या भिंतींमधून, दर्यादरवाजापर्यंत या. २३ मे १७३९ ला तिथले लोक शहर सोडून निघाले. दोनशे वर्षांचं बिऱ्हाड आठ दिवसांत बांधून झालं होतं. दरवाजातून बाहेर या आणि आता मागे वळून तटाकडे बघा.